मकतब ओस पडतात तेव्हा

‘वसाहतवादाचे परिणाम लिहा’ हा इतिहासाच्या पेपरातला नेहमीचा प्रश्न. कच्चा माल बाहेर गेला, स्थानिक धंदे बुडाले, असे चार मुद्दे लिहिले की मुलांना गुण मिळतात. मुद्दे खोटे नाहीत. पण परकी सत्ता माणसांच्या घरात काय करून जाते, ते त्यातून कळत नाही. ते कळावे म्हणून आज आम्ही अल्जेरियाची हकिकत सांगणार आहोत.

उत्तर आफ्रिकेतील हा मुस्लिम देश. 5 जुलै 1830 रोजी फ्रेंच फौजांनी राजधानी अल्जिअर्स घेतली. देश स्वतंत्र झाला तो 132 वर्षांनी, 5 जुलै 1962 रोजी.

फ्रेंचांनी सुरुवातीलाच हात घातला वक्फ मिळकतींना. तिकडे वक्फला हबूस म्हणतात. त्यातल्या घरांच्या, दुकानांच्या आणि बागांच्या उत्पन्नावर मशिदी, मकतब, मदरसे चालत. गोरगरिबांना आधार मिळे. हे उत्पन्न सरकारने ताब्यात घेतले. उस्तादांचा पगार थांबला आणि बंदीचा हुकूम न काढताही मकतब ओस पडत गेले. अल्जिअर्सची केचावा मशीद 1832 मध्ये चर्च झाली, ते सगळ्यांना दिसले. मकतबांचे जाणे मात्र गाजावाजा न होता घडले.

हे फक्त आम्ही म्हणतो असे नाही. अलेक्सी द तोकव्हिल हे फ्रेंच विचारवंत अल्जेरिया जिंकण्याच्या बाजूचे होते. पण 1847 च्या संसदीय अहवालात त्यांनीच कबूल केले, की आपण तिथल्या धर्मादाय संस्थांचे उत्पन्न काढून घेतले, शाळा मोडू दिल्या आणि तो समाज पूर्वीपेक्षा अधिक अज्ञानी केला.

जमिनीचेही तेच. 1873 च्या कायद्याने भाऊबंदांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडून विकण्याची वाट मोकळी केली. फ्रान्समधल्या द्राक्षवेली किडीने गेल्या, तेव्हा अल्जेरियात द्राक्षमळे वाढले. 1930 च्या दशकात ते सुमारे 4 लाख हेक्टरांवर होते. ती द्राक्षे खाण्यासाठी नव्हती, दारूसाठी होती. ज्यांच्या दीनमध्ये दारू हराम, तेच लोक पोटासाठी त्या मळ्यांत मजुरी करू लागले.

उरली होती भाषा. 1938 मध्ये सरकारी हुकुमाने अरबी ही अल्जेरियातच ‘परकी भाषा’ ठरली.

रेल्वे, बंदरे, दवाखाने फ्रेंचांनीच बांधले ना, असे कोणी म्हणेल. बांधले. पण स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तिथल्या दर दहा मुस्लिमांपैकी आठांहून अधिक निरक्षर होते. 132 वर्षांच्या राज्याचा हिशेब त्या आकड्यातही धरायला हवा.

यावर इलाज शोधणारे लोकही होते. 1931 मध्ये शेख अब्दुल हमीद बिन बादीस आणि त्यांच्या साथीदारांनी उलमांची संघटना उभी केली. वर्गणी काढून शाळा उघडल्या, त्यांत मुलींनाही बसवले. ऐपत थोडी, सरकारचा डोळा वर, तरी काम चालू राहिले.

तरीही तुटलेला धागा लवकर जुळत नाही. स्वतंत्र अल्जेरियाला अरबी शिकवायला इजिप्त आणि इतर अरब देशांतून शिक्षक बोलवावे लागले. शाळेत अरबी आणि डॉक्टर-इंजिनिअर व्हायला फ्रेंच, अशी ओढाताण मुलांनी कित्येक वर्षे सोसली. अरबीला तिचे स्थान परत देताना तिथल्या अमाझिग लोकांची तमाझिग्त मात्र मागे राहिली. तिला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 2016 मध्ये. ज्याची भाषा एकदा दाबली गेली, त्यानेही दुसऱ्याच्या भाषेबद्दल सावध असावे, एवढे यातून घ्यावे.

परक्यांनी केलेला अन्याय मुलांना जरूर सांगावा. त्याबरोबर हेही सांगावे, की समाजाचे ज्ञान टिकते ते शिकवणाऱ्याच्या रोजीची सोय कोणीतरी करते म्हणून. अल्जेरियात ती सोय परक्या सरकारने मोडली. आपल्या वस्तीतल्या वक्फ जागेचे भाडे किती येते, त्यातले किती मुलामुलींच्या तालीमसाठी खर्च होते, हे विचारायला तर आपल्याला कोणी अडवलेले नाही. या जुम्म्याला नमाजनंतर एवढा एक सवाल अदबीने विचारून पाहा.