रविवारची फेरी कोणाच्या वाट्याला?

लहान मुलाचे बोट धरून त्याला फिरावयास नेणे हा पक्षाच्या साप्ताहिकातील लेखाचा विषय होऊ शकतो काय, असे काही साथी विचारतील. भाववाढ, बेकारी, शेतमालाचे भाव, धर्मद्वेषाचे राजकारण असे प्रश्न समोर उभे असताना दोन वर्षांच्या पोराच्या बागेतील फेरीची चर्चा कशाला, ही शंका गैरवाजवी नाही. परंतु आपल्या चळवळीच्या इतिहासाची पहिली पाने उलटली तर तिचे उत्तर तेथेच मिळते. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि मालकांकडून जी मोठी मागणी पदरात पाडून घेतली ती मजुरीवाढीची नव्हती, साप्ताहिक सुटीची होती. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. आज ज्या दिवशी बाप मुलाला खांद्यावर बसवून घराबाहेर पडतो, तो रविवार कोणा मालकाने उदार होऊन दिलेला नाही. तो संघटित कामगारांनी मिळविलेला आहे.

या फेरीला दोनच गोष्टी लागतात. एक, कोणा मोठ्या माणसाचा मोकळा वेळ. दुसरी, मुलाने निर्भयपणे चालावे अशी सार्वजनिक जागा. या दोन्ही गोष्टी श्रीमंत माणूस पैशाने विकत घेऊ शकतो. गरिबाला त्या समाजाने दिल्या तरच मिळतात. म्हणून कष्टकऱ्याच्या मुलाला फिरावयास मिळते की नाही, हे समाजाची वाटणी कशी झाली आहे ते तपासण्याचे एक साधे माप आहे.

प्रथम वेळेचा विचार करू. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाच्या कामावर ९ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी ही मर्यादा १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांसाठी १० तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास वाढणार नाहीत, जादा काम कामगाराच्या संमतीनेच घेतले जाईल, त्याचा मोबदला मिळेल, असे समर्थन करण्यात आले. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर महिन्यामहिन्याने चालू राहते, त्याच्या संमतीला काय अर्थ असतो, हे कामगार वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

या १२ तासांचा हिशेब मुलाच्या बाजूने मांडून पाहावा. १२ तास काम, जाण्यायेण्याचे २ तास, झोपेचे ७ तास, उरले ३. त्यांत आंघोळ, जेवण, पाणी भरणे, रेशन आणि आजाऱ्याची विचारपूस. बाप निघतो तेव्हा मूल झोपलेले असते आणि परततो तेव्हाही झोपलेले असते. जादा तासाचा मोबदला मजुरीच्या पावतीवर दिसेल. मुलाने चालावयास शिकण्याचे जे पाचसहा महिने बापाला पाहावयास मिळाले नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही. आठवड्याचे तास तेवढेच ठेवून दिवस लांबविला तरी हे नुकसान टळत नाही. मुलाला आई-बाप रोज थोडे थोडे लागतात. चार दिवस उपास घडवून पाचव्या दिवशी मेजवानी दिल्याने त्याचे भागत नाही.

आईच्या वेळेची कथा आणखी निराळी आहे. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-विनियोग पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातील माणसांच्या संगोपनात गुंतलेल्या आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. संगोपन करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटे गेली, पुरुषाची ७४. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत ही मिनिटे कोठेच येत नाहीत. अर्थशास्त्राच्या वर्गात पिगूचे एक उदाहरण वर्षानुवर्षे सांगितले जाते: एखाद्या गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले, तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. विद्यार्थी हसतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. परंतु जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा त्या विनोदाचा गंभीर अर्थ आहे. मूल सांभाळणे हे काम मानले गेले नाही, म्हणून पाळणाघर ही गरज मानली गेली नाही.

आता जागेचा विचार. दोन वर्षांचे मूल चालते ते कोठे पोहोचावयाचे म्हणून नव्हे. ते मुंग्यांची रांग पाहण्यासाठी थांबते, कुत्र्यामागे चार पावले जाते, सापडलेला खडा मुठीत घेऊन परत फिरते. त्याला पदपथ लागतो तो अखंड आणि मोटारींपासून सुरक्षित. आपल्या बहुतेक शहरांत पदपथ म्हणजे मधूनमधून उरलेले अवशेष आहेत. कोठे रोहित्र, कोठे वाहनतळ, कोठे उघडे गटार. येथे एका गोष्टीची दक्षता घेतली पाहिजे. पदपथ मोकळे करा म्हटले की पालिकेची गाडी प्रथम भाजीवालीच्या टोपलीवर धावते आणि दारात लावलेल्या मोटारीला हात लावीत नाही. फेरीवालीचे मूलही त्याच पदपथावर वाढत असते. रस्त्याची सर्वांत जास्त रुंदी खाजगी मोटारीने व्यापली आहे आणि मुलाची जागा तिच्याकडूनच परत मागावयाची आहे.

मोकळ्या जागेविषयी केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांनी दरमाणशी १० ते १२ चौरस मीटरचे प्रमाण सुचविले. मुंबईतील बागा आणि मैदाने त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. ज्या आहेत त्यांचीही वाटणी पाहण्यासारखी आहे. पुष्कळ शहरांत पालिकेची उद्याने दुपारी बंद ठेवतात. सकाळी पायी फिरणाऱ्या निवृत्त नागरिकाची आणि संध्याकाळी कचेरीतून परतणाऱ्या नोकरदाराची सोय त्यात होते. सकाळी चार आणि संध्याकाळी तीन घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन ते चार एवढाच वेळ मोकळा असतो आणि तेव्हा बागेला कुलूप असते. कोणी दुष्टाव्याने हे वेळापत्रक ठरविलेले नसते. ज्यांचा आवाज कार्यालयात पोहोचतो त्यांच्या दिनक्रमाने ते ठरते, इतकेच. वर्गीय विषमता कित्येकदा अशी एखाद्या फाटकावरील पाटीवर लिहिलेली असते.

पैशाचाही हिशेब मांडू. मुंबईतील राणीचा बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, कष्टकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे हक्काचे ठिकाण. पेंग्विन आल्यानंतर २०१७ मध्ये तेथील प्रवेशशुल्क प्रौढास ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले, आणि आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांचे तिकीट ठरले. बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपये झाले होते, ते मे २०२५ मध्ये दुप्पट, १० रुपये झाले. आई, बाप, आजी आणि एक मूल असे निघाले, मुलाचे भाडे धरले नाही आणि घर पाच किलोमीटरच्या आत आहे असे मानले, तरी बसचे ६० आणि बागेचे १५० मिळून २१० रुपये होतात. जुन्या दरांनी हीच फेरी ५० रुपयांच्या आत होत असे. त्या कौटुंबिक तिकिटाच्या व्याख्येत आजीला जागा नाही, हेही लक्षात घ्यावे. एका खोलीत तीन पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबात मूल दिवसभर जिच्या अंगाखांद्यावर असते, तिला निराळे ५० रुपये पडतात. मग आजी म्हणते, तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात. दरपत्रकाने घातलेली गाठ ती आपल्या गुडघ्यांवर घेते.

शहराबाहेर दृष्टी टाकली तर चित्र अधिक करडे होते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. या शब्दात मुलाला जागाच नाही. चालू लागलेले मूल फडाच्या कडेला, पाचटाच्या ढिगाशेजारी, फार तर सहासात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असते. साखरशाळांची कल्पना निघाली ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. तीन वर्षांखालील मुलाचा विचार तेथेही मागेच राहिला.

या वयाच्या मुलांचा विचार समाजवादाने केलाच नव्हता असे नाही. रॉबर्ट ओवेनने १ जानेवारी १८१६ रोजी न्यू लॅनार्क येथील आपल्या गिरणीच्या गावात जी संस्था उघडली, तीत नुकत्याच चालू लागलेल्या मुलांनाही प्रवेश होता, आणि पुस्तकांपेक्षा मोकळ्या हवेवर व खेळावर भर होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला हेच काम अधिक खडतर परिस्थितीत केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दामागे ही दृष्टी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. दृष्टी मात्र वाटेत गळाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत बसता येते. त्याहून लहान मुलाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यावयाचे आहाराचे पाकीट आणि वजनाची नोंद येते. ज्या अंगणवाडी सेविकेवर हा सारा डोलारा उभा आहे तिला शासन पगार देत नाही, मानधन देते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना त्यासाठी दीर्घ संप करावा लागला.

यावर एक आक्षेप असा येतो की आता मॉल झाले आहेत. तेथे थंड हवा आहे, स्वच्छ शौचालय आहे, मुलांसाठी खेळणी आहेत. खरे आहे. परंतु तेथे मूल नागरिक म्हणून जात नाही, उद्याचे गिऱ्हाईक म्हणून जाते. पहारेकरी कपड्यांवरून माणूस ओळखतो. ज्या बागेत कारखानदाराचे आणि हमालाचे पोर एकाच घसरगुंडीसमोर रांगेत उभे राहते, ती बाग समतेचा पहिला धडा देते. खाजगी खेळघरात तिकीट काढून तो धडा मिळत नाही.

म्हणून शाखांनी हा विषय हाती घ्यावा. १२ तासांच्या दिवसाला विरोध करताना मजुरीइतकेच मुलाच्या वाट्याच्या वेळेचेही कारण पुढे मांडावे. प्रत्येक प्रभागात उद्याने दुपारी उघडी ठेवण्याची, ती विनाशुल्क असण्याची, तेथे पिण्याचे पाणी आणि शौचालय असण्याची मागणी करावी. अंगणवाडीला पाळणाघराची जोड आणि सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा या दोन मागण्या एकत्र मांडाव्यात, कारण एकीवाचून दुसरी टिकणार नाही. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, कारण तो प्रश्न त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचला होता. हा प्रश्नही तितकाच घरातला आहे.

शेवटी एक गोष्ट पुरुष कार्यकर्त्यांसाठी. स्त्री-पुरुष समतेचा ठराव संमत करून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या साथीने १४० आणि ७४ हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आठवड्यातील एक संध्याकाळ बैठक न ठेवता मुलाबरोबर काढावी आणि जोडीदारणीला बैठकीस पाठवावे. मुलाच्या चालीने वस्तीतून अर्धा तास चालले तर गटाराचे कोणते झाकण उघडे आहे आणि कोणत्या बागेला कुलूप आहे, हे त्याला कोणत्याही पाहणी अहवालापेक्षा लवकर कळेल. पुढच्या शाखा बैठकीचे निवेदन त्यावरूनच लिहावे.