एक नंबर प्रॉब्लेम

लेडीज डब्यातली एक गंमत बघा. जवळपास प्रत्येकीच्या बॅगेत पाण्याची बाटली असते. कुणाची स्टीलची, कुणाची गुलाबी प्लास्टिकची, कुणाची बिसलेरीचीच पुन्हा पुन्हा भरलेली. आणि त्यातल्या कित्येक बाटल्या संध्याकाळी जवळजवळ तेवढ्याच भरलेल्या घरी परत जातात. का, म्हणून विचारा. उत्तर हळू आवाजात येतं, 'अगं, मग जायचं कुठे?'

माझ्या धंद्यात तर हा रोजचा सवाल. फ्रीलान्सर म्हणजे ऑफिस नाही, डेस्क नाही आणि हो, टॉयलेटही नाही. सकाळी अंधेरीत इंटरव्ह्यू, दुपारी फोर्टात प्रेस कॉन्फरन्स. त्यामुळे मुंबईचा एक प्रायव्हेट नकाशा माझ्या डोक्यात पक्का बसलाय. कुठल्या मॉलमध्ये कितव्या मजल्यावर, कुठल्या कॉफी शॉपात काही न घेताही जाता येतं, कुठल्या पेट्रोल पंपावर किल्ली मागावी लागते. (किल्ली देताना तो माणूस ज्या नजरेने बघतो, त्यावर एक वेगळा कॉलम होईल.)

ज्यांच्याकडे असा नकाशा नाही, त्यांचा फंडा सोपा. पाणीच प्यायचं नाही! टाकी भरलीच नाही तर नळ सोडायचा प्रश्नच कुठे येतो? लॉजिक परफेक्ट. आपल्याला वाटतं हा ब्लॅडरपुरता मामला आहे. आत मात्र एकेक करून सगळी डिपार्टमेंट्स कामाला लागलेली असतात.

होतं काय, की पाणी घटलं की रक्त जरासं जास्त खारट होतं. जरासं म्हणजे एक-दोन टक्के. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तेवढं पुरतं. तिथल्या काही खास पेशी आक्रसतात आणि दोन ऑर्डर्स सुटतात. एक, तहान लागू दे. दोन, मेंदूच्या तळाशी लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरीतून एडीएच नावाचं हार्मोन रक्तात सोडा. हे हार्मोन पोचतं किडनीकडे. आता किडन्यांचं काम ऐकाल तर आपल्या डेडलाइन्सची लाज वाटेल. दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. रक्तातला प्लाझ्मा असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच माल दिवसातून साठेक वेळा गाळला जातो! त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर जातं, बाकी सगळं परत रक्तात. एडीएच येऊन सांगतं, 'आणखी परत घ्या.' मग लघवी कमी होते आणि गडद पिवळी दिसते.

पाणी आणखी कमी झालं की जी रिले रेस सुरू होते, ती मला जाम आवडते. किडनी रेनिन नावाचं एन्झाइम सोडते. ते लिव्हरने बनवलेल्या एका प्रोटीनचा तुकडा पाडतं. तो तुकडा रक्ताबरोबर फुप्फुसांत जातो (हो, फुप्फुसांत! त्यांचा पाण्याशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं) आणि तिथे त्याचं अँजिओटेन्सिन होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे कमी मालातही प्रेशर टिकतं. शिवाय किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी त्याच्या सांगण्यावरून आणखी एक हार्मोन सोडते, मीठ वाचवण्यासाठी. हृदय ठोके वाढवतं. तोंडात लाळ कमी होते. मोठं आतडं मिळेल तिथून पाणी खेचून घेतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वैतागता, पोट का साफ होत नाही.

थोडक्यात, स्टेशनवरच्या टॉयलेटात पाय ठेववत नाही म्हणून तुमचं लिव्हर, फुप्फुसं, हृदय आणि आतडी ओव्हरटाइम करतायत. दुपारी चारला डोकं धरतं, तेव्हा आपण गोळी घेतो आणि बॉसला शिव्या देतो. बॉसचा वाटा असतोच म्हणा. पण आधी एक ग्लास पाणी पिऊन बघा.

आता दुसरी जमात. पाणी पिणारी, पण दाबून ठेवणारी. ब्लॅडरमध्ये दीडशे-दोनशे मिली जमलं की पाठीच्या कण्यातून वर पहिला मेसेज जातो. मेंदूचा पुढचा भाग म्हणतो, 'मीटिंग चालू आहे, नंतर.' नसा ब्लॅडरच्या भिंती सैल ठेवतात, खालचे स्नायू घट्ट. चार-पाचशे मिलीपर्यंत हे चालतं. मग मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय ते ऐकू येईनासं होतं. कधीतरी असं झालं तर काही बिघडत नाही. रोज आठ-नऊ तास मात्र प्रकरण वेगळं. बाईच्या मूत्रमार्गाची लांबी फक्त चारेक सेंटिमीटर, म्हणजे दीड इंच. आतड्यातले ई-कोलाय जंतू तिथून सहज वर चढतात. त्यांना धुऊन काढायचा शरीराचा साधा उपाय म्हणजे लघवीची धार. आपण नेमकी तीच बंद ठेवतो.

मुलग्यांनो, हसू नका. तुमचा मार्ग वीस सेंटिमीटरचा, म्हणून इन्फेक्शनमधून बरेचसे सुटता. पण मुतखड्याचा त्रास पुरुषांनाच जास्त होत आलाय. भर उन्हात बाइकवर फिरायचं आणि दिवसभर दोन कटिंगवर काढायचा, हे त्याला खास आमंत्रण.

आणि प्लीज, हा 'पर्सनल हायजीन'चा विषय म्हणून सोडून देऊ नका. मुंबईत २०११ मध्ये काही संस्थांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, तेव्हा त्यांचा मुद्दा सरळ होता. पुरुषाला मुतारी फुकट, मग बाईने पैसे का मोजायचे? पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट्सची सोय करायला सांगितलं. ऑफिसांसाठी तर राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदाच आहे. तरी एका मजल्यावर एकच लेडीज टॉयलेट आणि त्यात स्टेशनरीची खोकी, असली ऑफिसं मी स्वतः पाहिलीत.

लघवी करताना जळजळ, सारखं जावंसं वाटणं, लाल रंग, असं काही दिसलं तर डॉक्टर गाठा. सोबत थंडी-ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखत असेल तर त्याच दिवशी. तेव्हा इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, नारळपाण्याने भागत नाही.

माझ्या एका मैत्रिणीने मात्र यावर सॉलिड तोडगा काढलाय. इंटरव्ह्यूच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हटलं की ती पॅकेजच्या आधी विचारते, 'लेडीज टॉयलेट कुठे आहे? बघून येते.' मागच्या महिन्यात एका ठिकाणी समोरच्या साहेबांना उत्तरच माहीत नव्हतं. त्यांनी शिपायाला बोलावलं, शिपायाने रिसेप्शनिस्टला विचारलं आणि रिसेप्शनिस्ट म्हणाली, 'शेजारच्या बिल्डिंगमध्ये.'