उपवासाची भगर आणि मागच्या खेपेचे पीठ

एकादशी उद्यावर आली की नाचणगावात भगर आणत नाही असे घर कोणते? कोणी किराण्यातून सुटी पावशेर आणते, कोणी तयार पीठ आणते, तर कोणाकडे मागच्या उपवासातले उरलेले पीठ डब्यात असतेच. वाचकहो, आज बोलायचे आहे ते या शेवटच्या डब्याविषयी.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील सोमठाण्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. २० फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि पाचशेच्या आसपास लोकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. पाचशे माणसे पडली म्हणून बातमी झाली. एका घरात चौघांना रात्रीतून उलट्या झाल्या, तर "उपवासाचे पित्त झाले जी" म्हणून लिंबूसरबत पाजतात आणि विषय मिटतो.

भगर हवेतला ओलावा लवकर धरते. ओलावा आला की तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विष तयार करते. शिजवल्याने बुरशी मरते, विष मात्र उरते. पिठाचे तर आणखी वाईट, कारण दाण्यापेक्षा पीठ लवकर सर्द होते. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन सुटे पीठ घेऊ नका, तारीख असलेली पाकीटबंद भगर घ्या, ती निवडून लागेल तेवढीच घरी दळा, असे सांगत असते. आमटीतल्या शेंगदाण्याचीही हीच गत. खवट, काळपट दाणा कुटात घालू नये.

२००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याने दुकानदाराला धरता येते. तुमच्या-आमच्या फडताळातला डबा कोण तपासणार? दरवर्षी ७ जूनला जागतिक अन्न सुरक्षा दिन होतो. त्यानंतर लवकरच पाऊस लागतो, हवा सर्द होते आणि आषाढी येते. म्हणजे सांगायची खरी वेळ तीच, आणि जागा म्हणाल तर चक्की आणि किराण्याचे दुकान. भगर दळून देणाऱ्याने एवढेच विचारावे, "बाई, ही कधीची?" एका फलकापेक्षा या प्रश्नाने जास्त काम होईल.

दुसरी गोष्ट उरलेल्या गंजाची. शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही चाळीसच्या वर पारा असतो. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खातो, तेव्हा "गरम केला, आता काय होते" असे वाटते. पण भातात वाढणारे काही जंतू असे विष सोडतात की ते पुन्हा तापवूनही जात नाही. फ्रीज असला तरी वीज गेली की त्याचा भरवसा नाही. टाकायचे जीवावर येते, हे खरेच. मजुरीच्या पैशातले अन्न आहे ते. म्हणून मोजूनच रांधावे, उरलेच तर लगेच पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवावे. फ्रीज नसेल तर त्याच जेवणात संपवावे.

आणि भगर खाल्ल्यावर चक्कर, थरथर, उलट्या सुरू झाल्या, तर पित्त समजून रात्र काढू नका. सरळ दवाखाना गाठा, आणि उरलेले पीठ डब्यासकट सोबत न्या.