अर्ज भरताना यंत्रावर विसंबू नका

शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. खिडकीवरचा कारकून जी छाननी करी, ती पुष्कळशी यंत्र करते. ते काय तपासते, हे पालकांनी समजून घ्यावे.

बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये 11 खुणा असतात. पहिली 4 अक्षरे बँकेची, पाचव्या जागी शून्य, शेवटच्या 6 शाखेच्या. शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडला, तर यंत्राला अडवता येते. आधारचे अंक 12. त्यांतला शेवटचा आधीच्या 11 अंकांवरून गणिताने ठरतो. ही रीत डच गणितज्ञ व्हरहोफ यांनी 1969 साली मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर चूक पकडली जाते.

परंतु ही तपासणी केवळ रूपाची आहे. दुसऱ्या शाखेचा कोड किंवा भावाचा आधार क्रमांक टाकला, तरी रूप बिनचूकच! खाते क्रमांक दोनदा लिहून घेतात. दोन्ही वेळा तीच चूक झाली, तर तीही जुळते. मग शिष्यवृत्ती अडकते आणि शिक्षण मुलाचे थांबते.

जँगोसारख्या साधनांवर असे अर्ज बनवणाऱ्या आपल्या तरुणांनी ब्राउझरमधल्या तपासणीवर भागवू नये; ती चुकवता येते. सर्व्हरवर पुन्हा तपासावे आणि नेमके काय चुकले ते मराठीत सांगावे. आडनाव मात्र सक्तीचे करू नये. आडनाव न लावणारेही अर्ज भरतात.

आणि घरी? शेवटचे बटण दाबण्यापूर्वी पासबुक समोर ठेवा. एकाने वाचावे, दुसऱ्याने अंक न् अंक ताडून पाहावा.