डबा वेगळा, आवाज तोच

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय तसा फालतू वाटेल. महागडा हेडफोन घेतला की त्याला वेगळा ॲम्प घ्यायचा, की लॅपटॉप, डोंगल किंवा डॅकच्या पोटात जो बिल्ट-इन ॲम्प असतो तोच वापरायचा? पण या फालतू प्रश्नापायी मी स्वतःचे सव्वीस हजार रुपये घातलेत, तेही ईएमआयवर. तेव्हा बोलायचा हक्क मी रीतसर विकत घेतलेला आहे.

झालं असं. सेनहायझरचा एचडी ६५० घेतला. ऑफिसातल्या जाणकारांनी (प्रत्येक आयटी ऑफिसात असे दोन-तीन असतातच, चहाच्या टपरीवर सापडतात) लगेच फर्मान काढलं, "तीनशे ओहमचा हेडफोन आहे राव, डोंगलवर ऐकणार? म्हणजे बुलेटला लुनाचं इंजिन!" झालं, इगो दुखावला. डॅकचा एक डबा, ॲम्पचा दुसरा डबा, मधे केबल, असा संसार टेबलावर मांडला. पुण्याच्या फ्लॅटवर छान वाजायचा.

मग गेल्या दिवाळीत तो सगळा संसार बॅगेत भरून गावी नेला. गाव म्हणजे हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. दोन आठवडे घरूनच काम, आणि रात्री सगळे झोपले की निवांत गाणं ऐकायचं, असा बेत. पहिल्या रात्री हेडफोन कानाला लावला आणि... घूंऽऽऽ. गाणं सुरू व्हायच्या आधीच घूंऽऽऽ. चुलतभावाने ऐकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, यात भुंगा बसलाय का?"

भुंगा कुठून आला ते सांगतो, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर थोडा करंट गळू देतो. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, तोच हा. आमच्या जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. ॲम्पचा अडॅप्टरही तसाच गळका. आता दोन गळके अडॅप्टर एकमेकांना केबलने जोडले, की त्यांच्यातला फरक त्या केबलच्या ग्राउंडमधूनच वाहणार. आणि डॅक ते ॲम्प या केबलमध्ये तेच ग्राउंड गाण्याच्या सिग्नलचाही अर्धा रस्ता असतं. त्यामुळे गाण्यात वीज मिसळते. डॅक आणि ॲम्प एकाच बोर्डावर असते तर ही केबलच नसती, आणि त्या वाटेने भुंगाही आत शिरला नसता.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी यात आणखी एक गंमत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या गुंजनात १०० हर्ट्झही ठळक असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या हिशोबाने १०० हर्ट्झ म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठेतरी. म्हणजे चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यामागे एक बेसूर तंबोरा रात्रभर फुकट!

अण्णा सकाळी ती डबडी बघून म्हणाले, "लाईट गेल्यावर वाजतं का हे?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग मोबाईलच बरा होता की." तेव्हा राग आला. नंतर लक्षात आलं, की आख्ख्या टपरीवर हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

मग मी चिडून एक उद्योग केला. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मित्राकडून मल्टीमीटर आणला. १०० हर्ट्झचा सूर लावून डोंगल आणि ॲम्प, दोन्हीचा व्होल्टेज हेडफोन जोडलेला असताना अगदी सारखा केला. हे केलं नाही तर परीक्षेला अर्थ नाही, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो. दुकानात ॲम्प आवडतो त्यात या प्रकाराचा हात मोठा. लॅपटॉपचा चार्जर काढला, त्याबरोबर भुंगा गेला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, भाऊ नाणं उडवून त्याप्रमाणे वायर बदलणार आणि वहीत लिहिणार. सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून पास व्हायला बारा ठरवले. मला मिळाले नऊ. आणि आधी मी छातीठोकपणे सांगत होतो की ॲम्पवर "पडदा बाजूला होतो"!

एका माणसाच्या सोळा फेऱ्यांनी विज्ञान सिद्ध होत नाही, मान्य. पण आकडेही तेच सांगतात. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबेल आवाज येतो, असं कंपनीचंच स्पेसिफिकेशन आहे. व्होल्टेज दुप्पट केला की ६ डेसिबेल वाढतात. माझा डोंगल २ व्होल्ट देतो, म्हणजे १०९ डेसिबेल. आपण निवांत ऐकतो ते सरासरी ८० च्या आसपास. त्याला या "अवघड" हेडफोनमध्ये किती पॉवर लागते? साधारण एका मिलिवॅटचा साठावा भाग! गाण्यातला सर्वात जोरदार क्षण सरासरीच्या २० डेसिबेल वर गेला तरी १००, अजून ९ शिल्लक. आणि ॲम्पच्या खोक्यावर अभिमानाने लिहिलेलं असतं, सहा वॅट.

मग वेगळा ॲम्प कधीच नको का? असं मी म्हणत नाही. हायफायमनचा एचई-६ घ्या. ५० ओहम, म्हणजे ओहम बघून वाटेल किती सोपा. पण १ मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबेल. त्यातून ११० डेसिबेल काढायचे तर जवळपास ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पियर. इथे डोंगल हात टेकणार, वेगळा ॲम्प घ्या, बिनधास्त घ्या. बघा, तीनशे ओहमवाला सोपा निघाला आणि पन्नासवाला अवघड. म्हणून "इतक्या ओहमच्या वर ॲम्प हवाच" हा टपरीवरचा नियम साफ चुकीचा आहे. ओहम आणि सेन्सिटिव्हिटी एकत्र बघावी लागते.

दुसरा आक्षेप, बिल्ट-इनचा आउटपुट इंपिडन्स वाईट असतो. एकेकाळी खरंच होता. जुन्या रिसीव्हरमध्ये स्पीकरच्याच आउटपुटला मोठा रेझिस्टर लावून हेडफोनचं भोक काढून द्यायचे. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकातही हेडफोनच्या आउटपुटसाठी १२० ओहम सुचवलेले होते. अशा जॅकवर कमी ओहमचा हेडफोन लावला की त्याचा बास आणि ट्रेबल यांचा तोल बिघडू शकतो. आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, हा साधा हिशोब. बरेचसे चांगले डोंगल आज एक-दोन ओहमच्या आत असतात. बदनामी मात्र जुनीच चालू आहे.

तिसरा आक्षेप, लॅपटॉपचा जॅक दुबळा असतो. काहींचा असतोच, शिवाय खरखरतोही. पण २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचा जॅक हेडफोनचे ओहम ओळखतो आणि १५० च्या वर असतील तर ३ व्होल्टपर्यंत देतो. हा बिल्ट-इनच ना?

आणि चौथा, "वेगळा असला की पुढे अपग्रेड करता येतो." हे मात्र शंभर टक्के खरं, आणि मला याच वाक्याची भीती वाटते. ॲम्प झाला की केबल, केबल झाली की पॉवर सप्लाय, मग अजून मोठा ॲम्प. पंचवीस-सत्तावीस वर्षांची पोरं, घराचं भाडं, गावी पैसे पाठवायचे, आणि त्यातून हा हप्ता. तेच पैसे हेडफोनमध्येच घातले तर फरक खरंच ऐकू येतो. दोन हेडफोनमधला फरक भिंतीकडे तोंड करूनही कळतो.

यातही सगळे ॲम्पवाले लबाड नाहीत. २०११ साली एनडब्ल्यूएव्हीगाय नावाने लिहिणाऱ्या एका अनामिक इंजिनियरने ओ-टू नावाचा ॲम्प डिझाइन केला आणि सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा, प्रत्येक दावा मोजमापासह मांडलेला. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाकडे होतं.

शेवटचं, कानांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबेल आठवड्याला ४० तास चालतात. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा. ८९ वर गेलात तर आठवड्याला ५ तास. आपण ऑफिसात रोज किती तास हेडफोन घालून बसतो? सहा वॅटचा ॲम्प जवळ असला की नॉब जरा पुढे सरकतोच, स्वतःचा अनुभव आहे. कान काही अपग्रेड होत नाहीत.

असो. मी ॲम्प विकला, डॅकही विकला, निम्मे पैसे आले. हप्ते अजून चार बाकी आहेत. हसनाबादला आता खिशात डोंगल घेऊन जातो. लाईट गेली तरी गाणं थांबत नाही.

पुढच्या वेळी कोणी "ॲम्प घेच" म्हणालं, तर त्याला तीनच गोष्टी विचारा. माझ्या हेडफोनचे ओहम किती, सेन्सिटिव्हिटी किती, आणि आत्ताच्या जॅकमधून व्होल्ट किती निघतात? उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर चहा प्या आणि घरी या.