धंदा रक्तात असतो, हे खोटं आहे

बालाघाट–सिवनी रस्त्यावरच्या लालबर्ऱ्यात एखादी मुलगी बी.कॉम. होते आणि म्हणते, मला व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका करायची आहे. बाजार विश्लेषण आणि संघटनात्मक वर्तन हे विषय शिकायचे आहेत. मग घरात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तिला ठरलेली उत्तरं ऐकावी लागतात. धंदा पुस्तकातून येत नाही, तो रक्तात असावा लागतो. माणसं ओळखायला शाळा कशाला? डिप्लोमा म्हणजे काही पदवी नव्हे. आणि एवढ्या पैशात शेतात बोअर मारून झाली असती. हे बोलणारे आपलेच काकाजी, मामाजी, गावातले जाणते लोक असतात. त्यांनी कर्ज काढलंय, फेडलंय, दुष्काळ पाहिलाय. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेणं बरोबर नाही. ते नीट ऐकून खोडून काढायला हवं.

‘धंदा रक्तात असतो’ हे आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. ज्याच्या घरी पिढीजात दुकान आहे, त्याच्या ते सोयीचं आहे. ज्याच्या घरी बांधी आहे, त्याला मात्र ते बजावतं की तू पिकव, विकणारा दुसरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या धानात त्यांनी वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या निगुतीने वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. घड्याळाचं नाव मिळालेला हा तांदूळ आपल्या सगळ्या धानपट्ट्यात पेरला गेला, शिजवला गेला. २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हा त्यांच्यापाशी पुरस्कार होते, पैसा नव्हता. त्यांच्या नजरेत किंवा कष्टात काही उणं होतं, असं कोण म्हणेल? उणीव होती ती वाण हातातून सुटण्याआधी त्यावरचा हक्क कसा राखावा, कोणाला कोणत्या अटीवर बियाणं द्यावं, हे जाणणाऱ्या माणसाची. असा माणूस रक्तातून तयार होत नाही, तो शिकवून तयार करावा लागतो.

आता आपल्या चिन्नोर या सुगंधी धानाकडे या. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा लालबर्रा, वारासिवनीकडे आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण हे धान उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं, उशिरा हाती येतं, आणि एक हजार दहा या वाणाच्या मानाने उतारा कमी देतं. खरेदी केंद्रावर नेलं तर तिथं दोनच रकाने असतात. २०२४-२५ च्या हंगामात सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता आणि अ दर्जाचा २,३२०. वासाला रकानाच नाही. म्हणजे चिन्नोर लावणाऱ्याला आपलं गिऱ्हाईक आपणच शोधायचं आहे, आणि ते शोधण्याची रीत म्हणजेच बाजार विश्लेषण.

हे शिकलेली मुलगी काय करेल, ते बारकाईने बघू. ती नागपुरात इतवारीच्या ठोक दुकानांतून आणि धरमपेठेतल्या किराणा दुकानांतून उभी राहील. सुगंधी तांदूळ कोण घेतं, रोजच्या जेवणाला की सणावाराला, एक किलोची पिशवी उचलतात की पंचवीस किलोचा कट्टा, नवा तांदूळ मागतात की जुना, हे विचारून लिहून घेईल. जुन्याला जास्त भाव मिळत असेल, तर धान वर्षभर साठवायला गोदाम आणि खेळतं भांडवल किती लागेल, याचा हिशोब मांडेल. मग तिच्या ध्यानात येईल की भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही मानांकन आहे. वैनगंगेच्या एकाच खोऱ्यातले दोन तांदूळ, नाव एकच, राज्यं दोन. नागपूरच्या गृहिणीला यातला फरक कोण सांगणार? का तो न सांगता दोघांनी मिळून भेसळीविरुद्ध उभं राहावं? ती हेही बघेल की मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून किती शेतकऱ्यांनी नोंद केली आहे. ती नोंद नसेल तर मानांकन गावाचं आणि पिशवीवरचं नाव भलत्याचंच, अशी वेळ येते. अडत्याला भाव कळतो, हे मला मान्य आहे. पण तो आज, या मंडीत, त्याच्या फायद्याचा भाव असतो. शेतकऱ्याच्या बाजूने हा शोध घेणारं माणूस आजवर गावात नव्हतं.

माणसं ओळखायला शाळा कशाला, हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण गावात माणसं खरोखरच ओळखीची असतात. फक्त ओळख असणं आणि काम एकत्र चालवता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष हटेनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथं आले. त्यांनी पाहिलं की काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे, प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता जबाबदार आहे आणि संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नाही. त्यांनी छोट्या गटांकडे ठरावीक माग सोपवण्याची कल्पना मांडली. गट कोणाचे करायचे हे कामगारांनीच आपसात ठरवलं, आणि उत्पादन वाढलं, खराबी घटली. माणसं तीच होती, माग तेच होते; बदलली ती कामाची मांडणी.

हीच नजर आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेवर टाका. कायद्याने एक सभासद, एक मत. प्रत्यक्षात पुढच्या खुर्च्यांवर चारसहा जण बोलतात, मागे सतरंजीवर बसलेले मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर आपला माल जुन्याच व्यापाऱ्याला देतात. ज्या बायांनी चिखलात वाकून रोवणी केली, त्यांचं नाव सभासदांच्या यादीत नसतं, कारण खसरा नवऱ्याच्या नावावर. कंपनी बुडते तेव्हा ‘लोकांत एकी नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. एकी नसण्याला कारणं असतात. पैसे उशिरा मिळतात, वजनावर विश्वास नसतो, निर्णय आधीच झालेला असतो. ही कारणं शोधून एकेक दूर करणं हे संघटनात्मक वर्तन शिकलेल्या माणसाचं काम आहे. घरात पोवारी, शाळेत हिंदी आणि भंडारा-गोंदियाच्या नात्यागोत्यात मराठी बोलणारी आपली मुलगी ते बाहेरून आलेल्या कोणाहीपेक्षा बरं करेल, असं मला ठामपणे वाटतं.

पदविकेला दुय्यम समजणाऱ्यांसाठी थोडकंच पुरे. आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आहे. त्यामुळे १९६१ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत होत्या. त्या पदविकाधारकांना कोणी कमी लेखलं नाही.

खरा जोरदार आक्षेप आपल्या काकाजींनी घेतलेला नाही, तो या विद्येच्या माहेरातूनच आला आहे. हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ मधल्या पुस्तकात म्हटलं की ज्याने कधी काही चालवलंच नाही, त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही. २०१० मध्ये श्रीकांत दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की या शिक्षणात माहिती फार, करून बघणं कमी. दातार पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झाले. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि तो लालबर्ऱ्याच्या बाजूचा आहे. जिने रोवणीला मजूर जमवले, सोसायटीच्या पावत्या सांभाळल्या, बचतगटाची वही लिहिली, ती कोरी नसते. तिच्यासाठी वर्गातलं प्रत्येक प्रकरण एखाद्या पाहिलेल्या गोष्टीला जाऊन भिडतं. दोष आहे तो अशा संस्थांचा, ज्या दोन वर्षं शीतपेयांची आणि मोटारींचीच उदाहरणं शिकवतात, लाखांत शुल्क घेतात आणि धानाचं नावही काढत नाहीत. त्यांच्यावर टीका जरूर करा, विद्येवर नको.

राहिली बोअरची गोष्ट. बोअर एका शेताला पाणी देते, ते मी कमी लेखत नाही. पण नीट चाललेली कंपनी सगळ्या सभासदांच्या शेतांच्या कामी येते. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तिच्यात व्यवस्थापनाच्या खर्चासाठी प्रत्येक संघटनेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे. त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगारही येतो. तीन वर्षांनी ही मदत थांबते. तेव्हा कंपनी स्वतःच्या कमाईवर चालवणारं माणूस गावात नसेल, तर कुलूप लागेल आणि सभासदांचं भागभांडवल अडकेल. म्हणून मुलीला पाठवा. शुल्क भरण्याआधी अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. प्रवेशाच्या वेळीच संस्थेला विचारा की उन्हाळ्यातला दोन महिन्यांचा प्रकल्प मुलगी आपल्या भागातल्या उत्पादक कंपनीत करू शकेल का. नागपूर-जबलपूरच्या ज्या संस्था हो म्हणतील, त्यांच्याकडेच अर्ज भरा.