पाळतीचे दप्तर

लंडनमध्ये गुप्त पोलिसांच्या कारवायांची जाहीर चौकशी सुरू होऊन दहा वर्षे उलटून गेली. २०१५ साली गृहमंत्री थेरेसा मे यांनी ती नेमली. पहिले अध्यक्ष पिचफर्ड आजारपणामुळे २०१७ साली पायउतार झाले व त्याच वर्षी निवर्तले. साक्षी सुरू व्हावयास २०२० चा नोव्हेंबर उजाडला. या दिरंगाईला हसणे सोपे आहे. परंतु तेथे जे उघड झाले, ते हसण्यासारखे नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांनंतर १९६८ साली निर्माण झालेले एक पथक चाळीस वर्षे राजकीय संघटनांत शिरत राहिले. पोलीस अधिकारी मृत बालकांची नावे धारण करून कार्यकर्ते म्हणून वावरले. काहींनी चळवळीतील स्त्रियांना फसवून त्यांच्याशी वर्षानुवर्षे संबंध ठेवले. वर्णद्वेष्ट्यांनी १९९३ साली ठार केलेल्या स्टीफन लॉरेन्स याच्यासाठी न्याय मागणाऱ्यांवरही पाळत होती. या पथकाच्या साध्याने त्याच्या साधनांचे समर्थन होत नाही, ते फार पूर्वीच बरखास्त व्हावयास हवे होते, असा निर्वाळा विद्यमान अध्यक्ष सर जॉन मिटिंग यांनी २०२३ च्या अंतरिम अहवालात दिला.

अर्धशतकापूर्वीच्या कृत्यांचा हा जाब विचारता आला, याचे कारण साधे आहे: हेरांनी लिहिलेले अहवाल बऱ्याच अंशी शिल्लक होते. आता महाराष्ट्राकडे वळावे. २०२१ साली नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की, आपण खासदार असताना आपला दूरध्वनी भलत्याच नावाखाली, अमली पदार्थांचा व्यापारी म्हणून, चोरून ऐकला गेला. संजय राऊत व एकनाथ खडसे यांच्याविषयीही असेच प्रकरण पुढे आले. समिती नेमली गेली, आणि २०२२ साली पुणे व मुंबई येथे रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी सरकार बदलले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास मिटविण्याचा अहवाल दिला, तर मुंबईच्या प्रकरणात खटल्यास शासनाने मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. २०२४ च्या जानेवारीत श्रीमती शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

गुन्हा रद्द झाला, म्हणून अधिकाऱ्याला दोषी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तशी इच्छाही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. परवानगीच्या कागदावर कोणाचे नाव होते? गृहखात्याने सही करताना काय पाहिले? या प्रश्नांची उत्तरे उघड सुनावणीत कधीच आली नाहीत. एका सरकारच्या काळात गुन्हा व दुसऱ्याच्या काळात मंजुरीस नकार, याला चौकशी कसे म्हणावे?

कायदा मुळीच नाही असे नव्हे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर बंधने घातली व २००७ साली त्यांचे सविस्तर नियम झाले. गृहसचिवाने आदेश द्यावा, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. समितीत सारे सचिव. ना न्यायाधीश, ना लोकप्रतिनिधी. सचिवाची चूक सचिवानेच काढावयाची! त्यावर कडी म्हणजे, कामास लागणार नाहीत असे कागद दर सहा महिन्यांनी नष्ट करण्याचा नियम. नागरिकाचे खाजगी बोलणे कायमचे साठवू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु संभाषणाबरोबर आदेशही नष्ट होतात, आणि मग पाचव्या वर्षी नेमलेल्या समितीने पाहावे तरी काय? २०२४ च्या नव्या नियमांनीही ही घडी मोडलेली नाही.

दिल्लीतही निराळे घडले नाही. पेगॅसस प्रकरणी न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखालील समितीला २९ पैकी पाच यंत्रांत घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच असे ठरले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे २०२२ साली न्यायालयातच सांगण्यात आले. अहवाल मोहोरबंद राहिला.

राज्याला हेर लागतात, हे शिवरायांच्या बहिर्जी नाइकांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला सांगावयास नको. पण कौटिल्यानेसुद्धा एका हेराच्या वार्तेवर विसंबू नये, तिघांचे बोलणे जुळले तरच ती खरी मानावी, असे सांगितले आहे. आमचे मागणे त्याहून फारसे मोठे नाही. पुनर्विलोकन समितीवर निवृत्त न्यायमूर्ती असावा, मूळ आदेश मोहोरबंद स्थितीत निदान दहा वर्षे त्याच्या ताब्यात राहावेत, आणि वर्षभरात असे किती आदेश निघाले याचा नुसता आकडा, नावे वगळून, विधिमंडळापुढे ठेवला जावा.